जेकार्डच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग

पळणारी गाडी कुणाचीही चांगलीच वाटते. तिचा खरा स्वभाव कळतो ती उभी राहिल्यावर. इंजिन चालू, गाडी जागेवर, पाय कशावरच नाही, आणि तरी ती आपली आपण शांत धडधडत राहिली पाहिजे. आमच्या धंद्यात याला 'स्लो' म्हणतात. गाडी स्लोला नीट बसली की मिस्त्री चहा मागवतो. ती थरथरायला लागली, उचकी लागल्यासारखी करून गपकन बंद पडली, की त्याचा दिवस गेला म्हणून समजा.

पेट्रोलच्या गाडीला लागतं काय? पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पळताना यातलं थोडं इकडंतिकडं झालं तरी निभतं. स्लोला मात्र सगळं मापात लागतं. भरल्या घरात कुणी अर्धी भाकरी जास्त खाल्ली तर कळत नाही, एकट्याच्या ताटातला तुकडा गेला की लगेच कळतो, तसं आहे ते. एकट्याच्या ताटाचा मला चांगला अनुभव आहे, म्हणून हे उदाहरण सुचलं.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातला. सातवीला शाळा सुटली, पुढं ट्रकवर क्लीनर झालो. त्या ट्रकचा गिअरबॉक्स सोलापुरात बसला. ड्रायव्हर म्हणाला, "तू गाडी राख, मी सामान घेऊन येतो." तो बावीस दिवसांनी आला. त्या बावीस दिवसांत भवानी पेठेतल्या गॅरेजचे मालक सिद्रामप्पा अण्णा मला रोज सकाळी एवढंच विचारत, "जेवलास का रे?" मी होय म्हटलं तरी भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं सरकवत. ट्रक दुरुस्त होऊन गेला, मी राहिलो. अण्णांनी गॅरेजच्या मागची खोली दिली. पुढच्या पाच-सहा वर्षांत मी बऱ्यापैकी मिस्त्री झालो, पण मनातली धाकधूक क्लीनरचीच राहिली. अण्णांनी उद्या जा म्हटलं तर या गावात मला दुसरं दार नाही, हे मी झोपेतसुद्धा विसरत नसे.

अण्णा घरी कानडी बोलत. आमचे उस्ताद कासीमभाई दखनी बोलत. गॅरेजच्या भिंतीला भिंत लावून नरसय्यांचे माग होते, तिकडं सगळं तेलुगू. राहिली माझी मराठी, तर तिलाही लोक हसायचे. मी "होय जी" म्हटलं की अण्णा म्हणायचे, "अरे भंडाऱ्या, इतका जी जी करू नको की, मला साहेब झाल्यागत वाटतंय." मग मी बोलणंच कमी केलं. तसंही त्या मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्या गॅरेजात कुणी कुणाशी हळू बोललेलं मला आठवत नाही.

उस्ताद साठीचे होते आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवेचं माप जुळवणारा भाग, हा त्यांचा प्रांत. त्यांची औजारं बोटभर लांबीची, स्वतः घासून केलेली, कापडाच्या गुंडाळीत असायची. त्यातला एक हाडाच्या मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर ते कुणाच्या हाती देत नसत. स्लोचा स्क्रू ते त्यानंच फिरवायचे, मान तिरपी करून. दर शुक्रवारी दुपारी ते मला घरी जेवायला नेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, चाचींनी, विचारलं, "क्या खाता तू?" मी लाजत म्हणालो, "भात." सोलापुरात भात जेवणाच्या शेवटी दोन घास. चाचींनी त्या दिवसापासून माझ्यासाठी शुक्रवारी पातेलंभर भात वेगळा शिजवला. "भात के मुलुख का बच्चा है, रोटी पे कैसा जीता," म्हणायच्या. आठवड्यातला तो एक तास मला पुरायचा.

आता पॅकिंगचं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. इंजिनाचे दोन भाग जिथं एकमेकांना जोडतात तिथं मध्ये कागदासारखा एक पातळ तुकडा लागतो, म्हणजे फटीतून हवा किंवा तेल जात नाही. तेच पॅकिंग. कार्बोरेटरच्या बाजूची पॅकिंगं आम्ही कधी विकत आणली नाहीत. नरसय्यांकडं चादरींवर मोर-फुलं उठवणारे जेकार्डचे माग होते. नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून उतरते. ते पुठ्ठे इतके घट्ट, चिवट असतात की तसा पुठ्ठा दुकानात मिळत नाही. कोपरा दुमडलेले कोरे पुठ्ठे नरसय्या आमच्याकडं टाकत. पुठ्ठा जोडाच्या तोंडावर ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं, लोखंडाची धारच तो कापते. मग ऑइलमध्ये बुडवायचा आणि बसवायचा. हे काम माझं. उस्तादांनी माझं पहिलं कौतुक केलं ते याच कामाचं. "हात हलका है तेरा," म्हणाले होते. घरी पत्रात मी हे कळवलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उसाचा हंगाम सरत आला होता, उन्हं तापू लागली होती. श्रीपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात एक इंजिनिअर साहेब होते. काही वर्षं अमेरिकेत राहून आलेले, येताना तिकडची जुनी गाडी बोटीतून घेऊन आलेले. लांबलचक, मोरपंखी रंगाची, आणि स्टिअरिंग डावीकडं. आपल्याकडं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं, त्यात ड्रायव्हरही डावीकडं, म्हणजे पुढची बैलगाडी ओलांडताना समोरून काय येतंय ते त्याला दिसणार कसं? ते काम बाईंचं, म्हणजे साहेबांच्या बायकोचं. त्या उजवीकडं बसून मान बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "थांबा... थांबा... जा!" त्यांच्या 'जा'शिवाय साहेब हलत नसत. उसाच्या गाड्यांची रांग मागं टाकत श्रीपूर ते सोलापूर असे ते दर रविवारी येत. बाईंची आई सोलापुरात अंथरुणाला खिळलेली होती. तिला भेटून संध्याकाळी परत.

त्या गाडीला टर्बो होता. आज कुणालाही हा शब्द माहीत आहे, तेव्हा आम्ही पहिल्यांदा ऐकला. उस्तादांनी दोन दिवस ते यंत्र नुसतं बघितलं आणि मला समजावलं ते असं: लोहाराचा भाता जाळ फुलवतो, तसा हा इंजिनाचा भाता. फरक एवढाच की हा हलवायला माणूस लागत नाही. इंजिनाचा जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा-पेट्रोल इंजिनात रेटतं. "अपनी साँस से अपनाच भाता," उस्ताद म्हणाले आणि खुश झाले. साठाव्या वर्षी त्यांना नवीन काही दिसलं होतं.

गाडी पहिल्यांदा आली ती जोर धरत नाही म्हणून. टर्बो आणि इंजिन यांच्यामधला जोड खिळखिळा, तिथलं मूळ पॅकिंग सुकून तुकडे झालेलं. असलं पॅकिंग सोलापुरात काय, मुंबईतही मिळालं नसतं. उस्ताद म्हणाले, "शालिक, काट." मी जेकार्डचा कोरा पुठ्ठा घेतला आणि इतकं सुबक पॅकिंग कापलं की अण्णा बघायला आले. उस्तादांनी ते बसवलं, बोल्ट आवळले. गाडी पळाली. साहेब बाईंना म्हणाले, "बघ, अमेरिकेत होती तशी झाली."

दोन आठवड्यांनी ती परत आली. आता पळत होती झकास, पण उभी केली की थरथर आणि मग बंद.

अशा वेळी मिस्त्री ठरलेल्या वाटेनं जातो. प्लग काढा, काजळी बघा. ठिणगीचे पॉइंट घासा. कार्बोरेटरच्या बारीक भोकात कचरा अडकला असेल, फुंकून काढा. आणि सोलापूरचं ऊन असेल तर इंजिनापाशी असतो त्या पेट्रोलच्या पंपावर ओला फडका बांधा, कारण तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. त्या काळी उन्हाळ्यात आमच्या गावात निम्म्या गाड्या पंपावर ओला फडका घेऊन फिरायच्या. उस्तादांनी सगळं केलं. स्लो थोडी वाढवून दिली. गाडी सुधारली. आठवड्यानं पुन्हा तेच.

बाई म्हणाल्या, "मला पेट्रोलचा वास येतो हो. चढाला आलो की येतो." अण्णा म्हणाले, "बाई, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येनार की. अत्तराचा कुटनं यील?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

मग ती रेल्वेच्या फाटकात बंद पडली. रुळांवर चाकं अडखळली, साहेबांनी पाय सोडला, इंजिन बंद. फाटकवाला ओरडत धावत आला. मागच्या उसाच्या गाडीवरच्या माणसांनी बैल सोडून गाडी ढकलली. रेल्वे आली ती नंतर बऱ्याच वेळानं, पण तोवर बाईंनी रुळांवर बसून तिची वाट बघायची ती बघून घेतली होती. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "आता मी या गाडीत बसणार नाही." तिथून पुढं त्या एसटीनं येत, आणि साहेब त्यांच्या 'जा'विना बैलगाड्यांच्या मागं मागं रांगत. एका दुपारी चार तासांनी पोचले. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले होते. म्हणाले, "अहो, शेजारची सीट रिकामी असली की रस्ताच दिसत नाही."

उस्तादांना ते लागलं. त्यांनी गाडी ठेवून घेतली, पाच दिवस कार्बोरेटरवर बसले. रविवारी बाई साहेबांबरोबर आईकडून चालत गॅरेजात आल्या. म्हणाल्या, "उस्ताद, मशिनमधलं मला कळत नाही. तुम्ही शब्द देता का?"

उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला. "दिया बाई. मेरी जबान है."

बाई बसल्या. दोघं गेले. पंधरा-वीस मिनिटांत त्या एकट्याच चालत परत आल्या, पदरानं घाम पुसत.

"उस्ताद, तुमचा शब्द चौकात उभा आहे. मागं ट्रक हॉर्न वाजवताहेत. ढकलायला माणसं पाठवा."

आम्ही ढकलत आणली. साहेब म्हणाले, आता विकून टाकतो, नाहीतर भंगारात देतो. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते टर्बो बिर्बो काडून टाकू. आन् उस्तादांचं बी वय झालंय. कान गेलाय त्यांचा. कार्बोरेटर आता तूच बगत जा." हे माणसानं माणसाच्या कानात सांगायचं बोलणं. पण भिंतीपलीकडं माग चालू होते, म्हणून अण्णांना ते ओरडून सांगावं लागलं. उस्ताद दहा पावलांवर होते.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. औजारं एकेक करून पुसली, गुंडाळी केली, दोरी बांधली. "सलाम अण्णा," म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. शुक्रवारी दुपारी मला कुणी न्यायला आलं नाही.

पुढच्या रविवारी गॅरेज बंद होतं. अण्णा घरी. लोक सिनेमाला, नातेवाइकांकडं जात. मी खोलीत पडून होतो. मला कुठं जायचं नव्हतं, म्हणून उठून ती गाडी पुसली आणि उगाच चालू केली. नेहमीसारखी थरथरत होती. नरसय्यांचे माग रविवारीही चालत. तेवढ्यात वीज गेली. तेव्हा वीज-कपात रोजचीच होती, पण मी कधी त्या वेळी चालू इंजिनापाशी एकटा उभा नव्हतो. एकेक माग थांबला. पेठ गप्प झाली. आणि मला ऐकू आलं.

बारीक सुस्कारा. एखादं माणूस दातांतून हवा ओढतं तसा. सस्स, सस्स.

इतके दिवस तो तिथंच होता आणि मागांच्या आवाजाखाली गाडला गेला होता. कान कुणाचा गेला नव्हता.

अशी चोरटी हवा शोधायची एक साधी युक्ती आहे. ऑइलची कुपी घ्यायची आणि एकेका जोडावर थेंब सोडत जायचं. जिथं फट असेल तिथं ऑइल क्षणभर बसतं, हवा थांबते आणि इंजिन सुधारतं. मी कार्बोरेटरच्या बुडाला सोडलं, काही नाही. टर्बोच्या तोंडाला, काही नाही. मग तो जोड राहिला, ज्यात माझं पॅकिंग होतं. तिथं थेंब सोडला आणि सुस्कारा थांबला. थरथर थांबली. पाच-सहा सेकंद ती गाडी अगदी शांत चालली. मग ऑइल आत ओढलं गेलं आणि पुन्हा सस्स.

बोल्ट खोलले. पॅकिंग बाहेरून अजून सुबक दिसत होतं. आतल्या कडेला पेट्रोल पिऊन फुगलेलं, आणि एका अंगाला उंदरानं कुरतडल्यासारखं फाटलेलं. फाटलं होतं आतून बाहेर.

तेव्हा सगळं कळलं. साध्या गाडीत त्या जागी इंजिन हवा फक्त ओढतं. पुठ्ठा ओढीला टिकतो, वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून आम्हाला वाटायचं आपला जेकार्डचा पुठ्ठा कुठंही चालतो. ही गाडी स्लोला ओढायची आणि रेस दिली, भाता सुरू झाला, की त्याच जागी रेटायची. ओढ, रेट, ओढ, रेट. चढाला पेट्रोल तिथून बाहेर फुंकलं जायचं, तोच बाईंचा वास. उभी राहिली की तिथूनच फुकटची हवा आत शिरायची आणि कार्बोरेटरचं माप बिघडायचं. उस्ताद कार्बोरेटर कितीही सुधारू देत, ते भोक रोज मोठं होत होतं.

ते भोक माझं होतं. ज्या हलक्या हाताचं कौतुक झालं त्याच हातानं केलेलं.

मी ते पॅकिंग खिशात घातलं आणि कुणाला काही बोललो नाही. सोमवारी अण्णांनी विचारलं, "काय रे, तोंड का सुकलंय?" म्हटलं, "काही नाही जी." मनात एकच होतं: साहेबांची गाडी, फाटक, बाईंचा जीव, उस्तादांचं नाव, हे सगळं माझ्या पुठ्ठ्यानं केलं हे कळल्यावर अण्णा मला कशाला ठेवतील? नवीन पॅकिंग गुपचूप बसवून टाकावं असंही मनात आलं. पण जेकार्डचा पुठ्ठा पुन्हा फाटला असता. तिथं वाफेच्या पाइपांना लावतात ते ॲस्बेस्टॉसचं शीट हवं होतं. ते साखर कारखान्यात असणार, म्हणजे साहेबांकडंच. आणि मागायचं तर कशासाठी ते सांगावं लागणार.

गुरुवारी मी एसटीनं श्रीपूरला गेलो. साहेबांच्या क्वार्टरमध्ये टेबलावर ते पॅकिंग ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. साहेबांनी ते उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, वाफेचे जॉइंट असेच जातात. मी रोज बघतो! हे मला कळायला नको होतं?" शीट आणायला ते तसेच चपला घालून कारखान्यात गेले.

बाई चहा ठेवून समोर बसल्या. "म्हणजे उस्तादांची चूक नव्हती."

"नाही जी. माझी होती."

"त्यांना सांगितलंत?"

"अजून नाही जी."

"मिस्त्री, हे तुम्हाला कळलं कधी?"

"रविवारी."

"आज गुरुवार आहे."

एवढंच म्हणाल्या. मग कप माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "गाडी तुम्ही दुरुस्त कराल, ते ठीक. पण मी बसेन ती उस्तादांनी म्हटलं तरच. शब्द त्यांनी दिला होता."

शुक्रवारी दुपारी उस्तादांच्या घरी गेलो. चाचींनी दार उघडलं आणि त्या ओशाळल्या. "आज भात नै पकाया रे. तू आता करके मालूम नै था."

उस्ताद खाटेवर होते. मी पॅकिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी फिरवलं, फाटल्या कडेवरून अंगठा नेला. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

"अंदर से बाहर फटा," ते म्हणाले. "ये साँस लेती भी है, छोडती भी है. या अल्ला, मेरेकू कैसा नै दिखा." मग माझ्याकडं बघून, "बोल्ट तो मैंच कसा था ना? तेरा अकेले का नै."

मी म्हटलं, "उस्ताद, उद्या चला. औजारं घेऊन चला."

ते हसल्यासारखं करून चाचींकडं बघू लागले. चाची म्हणाल्या, "औजार तो मंगल के बजार में दे डाले. मैं बोली, नक्को देव. सुनेच नै."

मंगळवारी. मला रविवारी कळलं होतं. सोमवारी संध्याकाळी मी त्या घरी गेलो असतो तर ती गुंडाळी भिंतीवरच्या खिळ्याला होती.

"कब देखा तू?" उस्तादांनी विचारलं.

"रविवारी."

त्यांनी मान हलवली. खिळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चल, मैं आता. कल बिठाएँगे."

अण्णांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, आता खोली सोडायची. अण्णांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "पुठ्ठा कापून घ्यायची रीत माजीच की रे. बाजारातनं आनायचा कटाळा आमाला, आन् झोप तुजी जाती व्हय? जा. जेवलास का?"

शनिवारी शीटचं पॅकिंग मीच कापलं, उस्तादांनी प्रत्येक कड नखानं तपासली आणि बोल्ट आवळले. रविवारी सकाळी साहेब आणि बाई एसटीनं आले. इंजिन चालू झालं. उस्तादांनी सवयीनं मागं हात केला, गुंडाळीकडं. तिथं गुंडाळी नव्हती. मी माझा स्क्रूड्रायव्हर त्या हातात ठेवला. त्यांनी मान तिरपी केली, स्क्रूला टोक लावलं आणि थांबले.

"अण्णा, कुछ सुनाई नै देता. माग बंद करवाव. दो मिनिट."

अण्णा भिंतीपलीकडं गेले. चालू माग बंद करणं म्हणजे धंद्यातलं नुकसान, कुणी शेजाऱ्यासाठी करत नाही. नरसय्यांचा आवाज आला, "एमय्या, मोटारीसाठी माग बंद करू म्हणतो?" मग अण्णांचं काहीतरी बोलणं, ते ऐकू आलं नाही. एक माग थांबला. दुसरा थांबला. नरसय्यांनी दारात येऊन पलीकडच्या शेडलाही हात केला आणि तेही थांबले. कामगार बाहेर येऊन उभे राहिले.

उस्तादांनी स्क्रू पाव वळसा फिरवला. मग आणखी जरासा. इंजिन खाली खाली आलं आणि एका जागी बसलं. मडगार्डवर कुणीतरी ठेवलेल्या पेल्यात चहा होता, त्यावर तरंगसुद्धा नव्हता. सुस्कारा नव्हता. सगळी गल्ली त्या गाडीचं नुसतं उभं राहणं ऐकत होती.

त्या शांततेत अण्णा भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "उस्ताद, कान माजा गेलता." हळूच म्हणाले होते, पण त्या दिवशी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

उस्ताद बाईंकडं वळले. जबान वगैरे काही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "बैठिए बाई."

बाई उजवीकडं बसल्या. माग पुन्हा सुरू झाले, गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, आडवी हातगाडी आली, ती तिथं थांबली. थांबून राहिली. बंद पडली नाही. बाईंची मान खिडकीतून बाहेर आली. 'जा' म्हटलेलं मला ऐकू आलं नाही, पण गाडी गेली.

उस्तादांनी माझा स्क्रूड्रायव्हर पुसला आणि सवयीनं आपल्या खिशात ठेवला. मी मागितला नाही. पुढं बरीच वर्षं त्यांनी त्यावरच काम केलं. जुन्या बाजारात मात्र मी कित्येक मंगळवार हाडाची मूठ शोधत फिरलो. कानस सापडली, पाने सापडले, ती मूठ कधी दिसली नाही.

शुक्रवारचा भात पुन्हा सुरू झाला. उस्तादांनी त्या चार दिवसांबद्दल मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. पॅकिंग खिशात होतं, दिवा दिसत होता, चाचींचा आवाजही ऐकू येत होता. तिथून मी परत फिरलो. ते गेले तेव्हाही हे माझ्या तोंडातून निघालं नाही. म्हणून इथं लिहिलं.